जर्मन नटाची अहिराणी

त्या जर्मन नटाला आपली भाषा जमली नाही, असं आमच्या शहाद्याकडे अजून म्हणतात. ते खोटं आहे. त्याला ती जमली होती. मीच ती त्याच्या तोंडातून काढून घेतली.

त्याच्या देशात तो आयुष्यभर दुय्यम भूमिका करत आला. तिकीट तपासनीस, गावचा डॉक्टर, नायकाला दार उघडून देणारा नोकर. पहिलं मोठं काम त्याला उतारवयात मिळालं, तेही शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला, एका मराठी चित्रपटात. साखर कारखान्याची यंत्रं बसवायला आलेला आणि इथेच रमलेला जर्मन मिस्त्री, अशी भूमिका. मी मराठीचा निवृत्त शिक्षक, म्हणून भाषा शिकवायला मला ठेवलं होतं.

माझ्यापेक्षा तो चित्रीकरणावरच्या स्वयंपाकाच्या बाईंपाशी जास्त बसायचा. कळण्याची भाकरी खायचा आणि त्या अहिराणीत बोलतील ते घोकत राहायचा. मिस्त्रीचा मुलगा त्याला परत न्यायला येतो, त्या प्रसंगात तो कॅमेऱ्यासमोर म्हणाला, "हाई मन्हं गाव शे. मी आठेच ऱ्हासू." बघायला जमलेले मजूर आणखी जवळ सरकले.

मी दिग्दर्शकाला थांबवलं. "हे अशुद्ध आहे. शिकलेली माणसं काय म्हणतील?"

वर्गात 'आहे'ऐवजी 'शे' म्हणणाऱ्या पोरांना मी नोकरीभर बाकावर उभं केलं होतं. इथेही तेच केलं. मग तो "हे माझं गाव आहे, मी इथेच राहीन" असं धडा म्हटल्यासारखं बोलला आणि चित्रपटात तेच राहिलं.

शहाद्याला पहिल्याच खेळाला मागून कोणीतरी म्हणालं, "हाऊ गोरा ते मास्तरमायक बोली ऱ्हायना, भो." गोरा मास्तरासारखा बोलतोय, यावर सगळं थिएटर हसलं. वर्तमानपत्रांनी त्याच्या उच्चारांना नावं ठेवली. मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "परदेशी जीभ ती, कितीशी वळणार?" त्यानंतर त्याला मोठी भूमिका कोणी दिली नाही. तो पुन्हा दारं उघडायला लागला.

गेल्या महिन्यात मी त्याला फोन लावला आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं.

त्याने विचारलं, "म्हणजे मी आधी बोललो ते बरोबर होतं?"

"बरोबर होतं. आमच्या घरी असंच बोलतात."

फोन चालूच ठेवून तो बायकोला हाका मारत आतल्या खोलीत गेला. मला जर्मन येत नाही, पण तो तिला काय सांगत होता ते कळलं.