खाडीतले पाळककाका

पाळककाकांना मी पहिल्यांदा पाहिलं ते छातीएवढ्या पाण्यात. आमच्या परसातून खाडी दिसते. भरती चढत होती, संध्याकाळचं पिवळं ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि एक गृहस्थ शर्ट-पँट घालून, चष्म्यासकट, शांतपणे आत आत चालले होते. माझा जीव खाली-वर झाला. घाबरले की माझी शाळेत शिकवायची भाषा पळून जाते आणि माहेरची बाहेर पडते. "ओ, काय करताव? भायेर या आधी!" मी ओरडत काठापर्यंत धावले. ते वळले, हसले आणि म्हणाले, "काही नाही बाई, तळ बघतोय. वाळू आहे का चिखल. रविवारी दोन माणसं बुडवायचीत."

मी घरी येऊन कडी लावली आणि बोटीवर असलेल्या नवऱ्याला फोन लावला. ते तिकडे कुठल्याशा बंदरात खो खो हसत सुटले. शेजारच्या घरात बाप्टिस्ट ख्रिस्ती मंडळीचे पाळक, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, राहायला येणार, मूळचे नगरकडचे, बरोबर मुलगी आहे, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. मला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळककाका स्वतःच गडग्यापाशी आले. हातात करंज्यांची ताटली. "काल तुम्हाला घाबरवलं," म्हणाले. मग दोन घरांमधल्या त्या दगडी बांधावर ताटली ठेवून त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. "आमच्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. बाळाला काय कळतं? माणूस मोठा होतो, त्याचं तो ठरवतो, मंडळीपुढं उभा राहून साक्ष देतो, देवानं आपल्याला कसं धरलं ते सांगतो. मगच पाणी. आणि चार थेंब शिंपडून भागत नाही, पुरता बुडवावा लागतो."

"आणि त्याने नाहीच ठरवलं तर?" मी विचारलं.

"नाही तर नाही. पाणी कुठं पळून चाललंय?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. लग्न जमत नसलेल्या नर्सला, नापास झालेल्या पोराला, सगळ्यांना तेच.

त्या रविवारी मी परसातूनच पाहिलं. काठावर वीस-पंचवीस माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी होती. त्यांचं गाणं पाण्यावरून येताना मऊ होऊन येत होतं, शब्द कळत नव्हते, नुसती चाल. पाळककाकांनी एका उंचापुऱ्या माणसाच्या पाठीखाली हात घातला आणि त्याला अलगद मागे झुकवलं. तो क्षणभर दिसेनासा झाला आणि वर आला तेव्हा हसत होता. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक, चुलीवरचं दूध सगळं उतू गेलं.

पुढे मी त्यांच्या प्रार्थनाघरातही जाऊ लागले, पाहुणी म्हणून. बाजारामागची एक लांबट कौलारू खोली, ना उंच मनोरा ना रंगीत काचा. इस्पितळातल्या नर्सेस, एसटीतले, रेल्वेतले लोक, बहुतेक बदलीवर आलेले. इतर दिवशी त्याच बाकांवर आसपासची मुलं अभ्यासाला बसत, कुणाचीही. पाळककाका त्यांना जुन्या गोष्टी सांगत. विलायतेत एके काळी राजा सांगेल तीच प्रार्थना म्हणावी लागायची, आमच्या लोकांनी नाही म्हटलं आणि ते तुरुंगात जाऊन बसले, वगैरे. "देवाचं नाव राजानं घ्यायला लावायचं नाही," ते म्हणत. मग थोडं थांबून, "बापानंही नाही."

हे बापाचं का, ते मला हळूहळू कळलं. त्यांची मुलगी रूथ तेव्हा पस्तिशीची. दर रविवारी पेटी वाजवायची, लहान मुलांना बायबलच्या गोष्टी शिकवायची, पण तिने बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. तिची आई आजारात गेली तेव्हा ती कॉलेजात होती. इतक्या प्रार्थना केल्या, त्या कुठे गेल्या, हा तिचा प्रश्न तेव्हापासून तसाच होता. "साक्ष काय देऊ, काकू? उभी राहून खोटं बोलू?" ती मला म्हणाली होती. प्रभुभोजनाच्या वेळी भाकरीची थाळी बाकाबाकावरून फिरे, पण तुकडा घ्यायचा तो बाप्तिस्मा झालेल्यांनीच. ती रूथपाशी येई आणि रूथ ती तशीच पुढे देई. पाळककाका त्या वेळी खिडकीबाहेर बघत. मला ते बघवत नसे.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. आपल्या हाताने एकदा लेकीला त्या पाण्यात उतरवायचं. ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, गडग्याला टेकून, अगदी हळू. तिला मात्र कधीच नाही.

मंडळीत कुजबुज व्हायचीच. एसटीतून निवृत्त झालेले भालेराव हे तिथले जुने पंच. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर काढलं, "पाळकाच्या घरचंच माणूस बाहेर, आणि उपासनेत पेटी तिच्याच हातात. हे शोभतं का?" रूथ खाली मान घालून बसली होती. पाळककाका म्हणाले, "तिचं तिनं सांगायचं. मी तिच्या वतीनं बोलणार नाही." लेकीची बाजू घ्यायची सोडून हे काय, असं वाटून मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललेच नाही.

गेल्या वैशाखात त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं. डॉक्टरांनी पाण्यात उतरायचं नाही, वजन उचलायचं नाही, असं बजावलं. ते दिवसभर ओटीवर आरामखुर्चीत पडून खाडीकडे बघत. एका दुपारी रूथ माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. "काकू, मी पप्पांना सांगते. घेते म्हणून. दुसरे पाळक बुडवतील, पप्पा काठावरून बघतील. तुम्ही चला माझ्याबरोबर."

मला इतका आनंद झाला की मी चपलाही घातल्या नाहीत.

"पप्पा, मला बाप्तिस्मा घ्यायचाय," ती त्यांच्या पायांशी बसून म्हणाली. पाळककाका ताडकन उठून बसले. हात चष्मा शोधायला लागले, तो डोळ्यांवरच होता. तोंडभर हसू पसरलं. इतकं हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी तिला विचारलं, "का गं, बाळ?"

तिला उत्तर पाठ होतं. पेटीमागे बसून तिने कितीतरी साक्षी ऐकल्या होत्या. पण त्यातली एकही न उचलता ती म्हणाली, "तुमच्यासाठी."

पाळककाकांनी डोळे मिटले. "मग नको."

"अहो, पोर स्वतःहून म्हणतेय!" मी ओरडलेच. "किती वर्षं वाट बघितलीत! हो म्हणा ना!"

"बघितली ना बाई. अजून बघतोय," ते म्हणाले. "पण माझ्यासाठी उतरली तर मीच तिचा देव झालो की हो. मी आज आहे, उद्या नाही. मग ती कुणाकडं बघणार?" त्यांनी रूथच्या डोक्यावर हात ठेवला. "खरं बोललीस, ते लई झालं मला." आणि तो म्हातारा माणूस आमच्यासमोर ढसाढसा रडला. मी चिडून घरी आले. दोन दिवस मला त्यांचा रागच होता. हातात आलेलं सुख असं कुणी परत करतं का?

भाद्रपदात पाळककाका दुपारी जेवून जरा पडले ते उठलेच नाहीत.

पुढच्या रविवारी प्रार्थनाघरात त्यांच्या आठवणींची सभा होती. कुणी सांगितलं नसताना रूथ पेटीमागून उठली आणि मंडळीपुढे येऊन उभी राहिली. त्या दुपारचं सगळं तिने सांगितलं, तिने काय मागितलं आणि पप्पांनी काय नाकारलं ते. "माझ्या वडिलांनी मला खोटं बोलू दिलं नाही," ती म्हणाली. "आईच्या वेळी देव कुठे होता, मला अजून कळलेलं नाही. पण मी आता शोधतेय, माझ्यासाठी. सापडलं तर इथेच येऊन सांगेन. तोवर पेटी माझ्याकडे ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

त्यांच्यात सगळं हात वर करून ठरतं. पेटी रूथकडेच राहावी असं कोण म्हणतं, ते विचारलं गेलं. पहिला हात वर गेला तो भालेरावांचा. मग नर्सेसचे, रेल्वेवाल्यांचे, मागच्या बाकांवरचे. डोळे पुसायला मी पदर शोधू लागले आणि माझ्या लक्षात आलं, माझाही हात वरच आहे. मी त्या मंडळीतली नाही, माझं मत तिथे धरत नाहीत. पण कुणीच मला हात खाली घ्यायला सांगितलं नाही.