अळणी वरण

आमच्या गल्लीतल्या एकाला त्याच्या मुलानं आपलं अर्धं लिव्हर कापून दिलं. दोघंही आता सकाळी फिरायला जातात. बाप सांगतो, देणाऱ्याचं म्हणे पुन्हा वाढतं. पण कापायच्या आधी डॉक्टर वय पाहतात, दारू पाहतात, बाकीची दुखणी पाहतात, अन् नंतर घेणाऱ्याला गोळ्या जन्मभर. मी ऐकून घेतो अन् घरी येतो. माझ्या बायकोसाठी मी हेच मागितलं होतं, तेव्हा असं करता येतं हे कोणाला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मी संत्रा मार्केटात पेट्या ठोकत होतो. दिवसभर फळ्या अन् खिळे, घरी येताना दारूच्या भट्टीवर एक ग्लास. बायको भिवापूरची, लाल तिखटाशिवाय तिचा घास उतरत नसे. पोरगी लग्न होऊन कामठीला गेली, घरी आम्ही दोघंच उरलो, अन् हिचं पोट फुगायला लागलं. शेजारणी विचारत, काय वं, या वयात? ही म्हणे, हो, जुळे आहेत.

पोटात पाणी होतं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाला, लिव्हर सुकलं. ही दारू पिते का, विचारलं. मला राग आला. पीत होतो मी, अन् लिव्हर हिचं काहून गेलं? लहानपणी हिला कावीळ झाली होती, तीच आत राहून गेली असेल, असं तो म्हणाला. परदेशात मेलेल्या माणसाचं लिव्हर दुसऱ्याला बसवतात, पण तिथंही कोण किती जगेल याचा भरवसा नाही, अन् आपल्याकडे ते होतच नाही.

मी म्हटलं, "मंग माह्यं अर्धं घ्या ना. एवढी दारू पिऊनही चालूनच राहिलं."

डॉक्टर हसला नाही. तसं होत नसतं, एवढंच बोलला. बाहेर आल्यावर ही म्हणाली, "तुमचं नको बाई. तुमचं लावलं तं मीच भट्टीवर जाऊन बसीन."

डॉक्टरनं तिचं मीठ बंद केलं. मग मीही सोडलं. घरात दोघांचं अळणीच शिजेल, असं मी तिला बजावलं. मार्केटात सगळ्यांना सांगत फिरलो. पहिले दोन घास बरे लागले, पुढंही लागतच गेले. सवय झाली, असं मला वाटलं. स्वयंपाक ती चुलीपाशी बसून करायची अन् आपली वाटी आधीच बाजूला काढायची. तिखट मला सोसत नाही आता, म्हणायची.

उन्हाळ्यात तिला भरती केलं. पोरगी कामठीहून आली, सगळ्यांसाठी आईच्या पथ्याचं अळणीच रांधलं. पहिला घास माझ्या तोंडात फिरत राहिला, उतरेचना. पोरीवर ओरडलो, हे काय रांधलं म्हणून. ती म्हणाली, तुम्हीच तं मीठ नको म्हटलं, बाबा. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

डबा घेऊन दवाखान्यात गेलो. विचारलं, "माह्या वरणात तू मीठ टाकत होती का वं?"

ती पडल्या पडल्या हसली. "दिवसभर घाम गाळून राहिले तुम्ही. मिठाबिगर हातोडा कसा चालन?"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"साऱ्या मार्केटात सांगून राहिले होते ना, बायकोसाठी मीठ सोडलं. कशाले पडू द्यायचं तुमाले तोंडघशी."

मी डबा उघडला. तिच्यासाठी पोरीनं केलेलं वरण होतं, अळणी. दोन चमचे तिला चारले, तेवढंच तिला गेलं. उरलेलं मी तिच्या खाटेवर बसून, तिच्यासमोर, भाताला लावून सगळं खाल्लं. ती माझ्या तोंडाकडेच पाहत होती.

"कसं लागलं?" तिनं विचारलं.

"चांगलं आहे."

"तोंड पाहा आरशात," ती म्हणाली.

ती होती तोवर मी रोज तिथंच जेवलो, तिच्या डब्यातलं.