धनेशने बदललेला मिक्सर

टेमघरचा आमचा धनेश हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच जन्माला आला असावा. राहनाळच्या गोदामातून एका नावाजलेल्या कंपनीचे मिक्सर उचलायचे, दुकानात खोलायचे, आत दणकट मोटर बसवायची आणि कंपनीच्याच नावाने विकायचे, हा त्याचा धंदा. सुक्या मिरच्या एका दमात बारीक व्हायच्या, बायका खूश. फक्त जास्त भार पडला की मिक्सर आपोआप बंद करणारा बुडाचा लाल स्विच तो काढून टाकायचा.

"सारखा उडतो तो. मग गिऱ्हाईक मलाच शिव्या घालतं," तो म्हणायचा. मी शेजारचा, शाळेतला कारकून. मीही शहाण्यासारखी मान डोलवायचो. आमच्या ओट्यावरही त्याचाच मिक्सर.

एप्रिलात दिघाशीच्या बायजाबाई वर्षाचा मसाला करत होत्या. मिक्सर तापला, धूर निघाला, बंद करायला गेल्या तर बटणच वितळलेलं. तळहात भाजला. त्यांच्या मुलाने धनेशच्या दुकानाचं नाव सांगून कंपनीकडे तक्रार केली. कंपनीने मिक्सर उघडून पाहिला आणि धनेशला नोटीस धाडली: आतलं यंत्र आमचं नाही, ज्याने बदललं त्याने निस्तरावं.

धनेशचं तोंड एवढंसं झालं. आम्ही वकीलबाई रुचिराताईंना गाठलं.

"ताई, वर नाव तर कंपनीचंच आहे ना?"

"तिथेच दोन्हीकडून अडकलास. बदल लपवून त्यांचं नाव वापरलंस, त्याचा जाब कंपनी विचारणार. आणि त्या बदलाने बाईंना इजा झाली, त्याचा जाब बाई विचारणार." मग त्यांनी विचारलं, "बाईंकडे बिल आहे?"

धनेशने आयुष्यात कुणाला बिल दिलेलं नाही.

"मग तूच विकलास हे सिद्ध करणं त्यांना जड जाईल."

मी लगेच म्हणालो, "झालं तर! कानांवर हात ठेव." आज लिहिताना लाज वाटते.

धनेशने नोटिशीची घडी घातली. "कंपनी बोलते आमचा नाही. मीपण तेच बोललो, तर म्हातारीने जायचं कुणाकडे?"

दुसऱ्या दिवशी मला मागे बसवून त्याने बाइक दिघाशीला काढली. बायजाबाई पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन ओटीवर बसल्या होत्या.

"मावशी, मोटर मी बदलली. स्विचपण मीच काढला. तसं लिहून देतो. दवाखान्याचं सगळं मी बघतो."

"मना वाटला कंपनीचीच चूक हाय. आतला सगला तूच केलास?"

"हो, सगळं माझंच." एवढ्यातही गड्याचा आवाज जरा ताठ झाला.

म्हातारीने त्याला नीट न्याहाळलं.

"मंग वर तुजा नाव का न्हाय टाकलास?"