लांबलेला सण

"तू जेवला का? नाही? मग दे इकडे." एवढं म्हणून माझ्या सासूबाई समोरच्याच्या हातातली विळी, झाडू, जे असेल ते काढून घेत. विमानाच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे हे ओडिशाचं कुटुंब ओझरला आलं. इतकी वर्षं इथे काढली, तरी बायकांनाही 'तू आला, तू जेवला' म्हणायची त्यांची सवय सुटली नाही.

सासुरवास काय असतो हे तुम्हाला ठाऊक असेलच. आता माझाही ऐका.

आम्ही आमच्या पसंतीनं लग्न केलं तेव्हा माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष होतं. देवळ्याच्या आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिलीच. "कसली परीक्षा न् काय! परमुलखातली सासू भांडे घासायला लावील," असं भावकीनं एकमतानं ठरवलं. कांद्याच्या भावावरसुद्धा त्यांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं.

जूनमध्ये पेपर तोंडावर आले आणि सासूबाईंनी माझ्यावर पहिली बंदी घातली. त्यांच्याकडे पावसाच्या सुरुवातीला 'रज' नावाचा सण असतो. धरतीला पाळी आली असं मानतात. म्हणून नांगर थांबतो आणि बायकांनीही चिरायचं नाही, दळायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. आमच्याकडे बाईला पाळी आली की ती बाजूला बसून धान्य तरी निवडते. इथे साक्षात पृथ्वीच रजेवर!

सासरे आणि नवरा स्वयंपाकघरात शिरले. मला अंगणातल्या पेरूला बांधलेल्या झोक्यावर बसवलं. कांदासुद्धा चिरायचा नाही. देवळ्याच्या मुलीवर याहून मोठा अत्याचार कोणता?

"बोऊ, पुस्तक चालेल का?" मी भीत भीत विचारलं. नवरा आईला बोऊ म्हणतो, म्हणून मीही.

"पुस्तकाला धार असतो का? मग चालतो."

काही दिवसांनी पाहिलं, तर त्या स्वतः पोळ्या लाटत होत्या.

"बोऊ, रज संपला?"

"सासूचा संपला. बहूचा लंबा चालतो आमच्या गावात."

मी विश्वास ठेवला. कॉलेजात शिकलेली ना मी! नवऱ्याला तेवढा खोकला आला.

मग एका दुपारी देवळ्याहून माझी आई कांद्याची गोणी घेऊन आली. तिला काय दिसावं? लेक झोक्यावर पुस्तक घेऊन बसलेली आणि सासू नळाखाली भांडी घासतेय. आईचा चेहराच उतरला.

"सासू भांडे घासती आन् तू झोके घेती? लय लाज आणली गं पोरी! ठेव ते पुस्तक. बास झालं आता शिक्षण."

मी उठले. सगळ्यात अवघड पेपर अजून बाकी होता; पण आईपुढे बोलायची हिंमत मला कधी झाली नाही. पुस्तक मिटलं तेवढ्यात सासूबाई साबणाच्या हातांनी आल्या.

"विहीणबाई, तू पण बस. धरती आराम करतो, तू कोण मोठा लागून गेला?"

जून महिन्यात आई कधी नुसती बसलेली मी पाहिली नव्हती. ती झोक्याच्या कडेला टेकली, पाय जमिनीत रोवून, जणू झोका तिला पळवून नेणार होता. हात कुठे ठेवावेत तेही तिला कळेना. शेवटी म्हणाली, "इहीणबाई, हा सण चालतो तरी किती दिस?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तुझा पेपर कधी संपतो?"

तेव्हा कुठे माझ्या पदवीधर होऊ घातलेल्या डोक्यात उजेड पडला. आईच्या डोक्यात माझ्याआधी पडला असावा. तिनं सासूबाईंच्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या पुस्तकाकडे.

"मंग चालू द्या," ती म्हणाली.

परीक्षा झाली. सासरे निवृत्त झाले आणि दोघं कायमची गावी गेली. आता हातातलं काम काढून घेणारं घरात कुणी नाही, सुखच म्हणायचं. निकाल लागला तेव्हा मी फोन केला.

"बोऊ, मी पास झाले."

अभिनंदन नाही, मार्कांची चौकशी नाही. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, तसाच चालू. "मो झिअ पास कला!" ओरडत त्या बाहेर पडल्या. झिअ म्हणजे लेक, एवढी ओडिया मला येते. आवाज एका दारातून दुसऱ्या दारात गेला, लांब जात बारीक झाला. मागे एक गाय हंबरत राहिली.

मोठ्यांच्या आधी आपण फोन ठेवू नये, असं आमच्याकडे शिकवतात. मी तो कानाशी धरून बसून राहिले.