रविवारचा फोन

अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी माझ्यासोबत राहणारी मैत्रीण इतिहासात पीएच.डी. करत होती. एकोणिसाव्या शतकात जर्मनी एक देश होत असताना तिथल्या बायकांना ‘चांगली आई होणं हीच देशसेवा’ असं कसं शिकवलं गेलं, हा तिचा विषय. बोलताना ती प्रत्येक वाक्यानंतर थांबायची, कुणी हरकत घेईल म्हणून. स्वतःच्या मुलीबद्दल मात्र विचारल्याशिवाय बोलायची नाही. मुलगी चार वर्षांची, नागपूरला सासूबाईंकडे.

दर रविवारी सकाळी ती नागपूरला फोन लावायची. एकदा मी शेजारीच चहा करत होते आणि स्पीकर चालू होता.

“आई देवापाशी दिवा लावतेय,” मुलगी म्हणाली. “तुम्ही कोण?”

आजीलाच ती आई म्हणायला लागली होती. मी गॅस बंद केला.

“मी अमेरिकेतली मावशी,” मैत्रीण म्हणाली. “या आठवड्यात शाळेत काय केलंस, सांग बरं.”

मुलगी दहा मिनिटं बोलत राहिली.

फोन ठेवल्यावर मला राहवलं नाही. “अगं, खरं सांगायचंस ना तिला!”

“मी तुझी आई म्हटलं की ती फोन टाकून पळते,” ती म्हणाली. “मावशीशी बोलते.”