पांढरे पडलेले कोंब

इस्लामपूरजवळ माझी उसाच्या टिश्यू कल्चरची लॅब आहे. भाजीची रोपं सायकलवरून विकत मी इथवर आलोय, त्यामुळे सौदा मला कुणी शिकवायला नको. शिरवळकडच्या एका कंपनीने किडीला दाद न देणाऱ्या नव्या उसाचे कोंब वाढवायला दिले, तेव्हाच मी अट घातली. निशाणीचं जनुक काढलेला कोंब माझ्याकडे तयार झाला, तर त्याची रोपं करण्याचा पहिला हक्क माझा.

नवं जनुक कुठल्या कोंबात शिरलं हे ओळखायला सोबत हे निशाणीचं जनुक घालतात. ते असलेला कोंब अँटिबायोटिकवर हिरवा राहतो, बाकीचे पांढरे पडून मरतात. ओळख पटली की कोंबांना उष्णता देऊन ते काढायचं; उष्णतेने ते कापून निघावं अशी सोय त्यातच केलेली असते, पण सगळ्याच कोंबांत ते निघत नाही. ऊस बियाने नाही, कांडीने लावतात, त्यामुळे पुढच्या पिढीत ते आपोआप गळेल ही सोय नाही.

उष्णता देऊन झाली. कंपनीच्या मॅडमनी फोनवर माझ्या बायकोला सांगितलं, कोंब नेहमीसारखे अँटिबायोटिकवर चाचणीला लावा. रोपांची खोली तीच सांभाळते. तिने सगळे लावले. आमच्याकडे शिरस्ता एकच, पांढरं पडलं की बाटली ऑटोक्लेव्हच्या वाफेत. काही पांढरे पडले, ते गेले.

मॅडम आल्या आणि फळीवरचे हिरवे कोंब बघत राहिल्या. “पांढरे कुठे आहेत?”

“टाकले की. मेलेलं ठिवून काय करायचं?” बायको म्हणाली.

“अहो, तेच हवे होते. निशाणी निघाली म्हणूनच ते मरत होते. प्रत्येकाचा अर्धा भाग साध्या बाटलीत ठेवायचा होता.”

माझं डोकं फिरलं. “आवं म्याडम, ही अर्धी गोष्ट तुमी कवा सांगणार हुता? शिजल्यावर?”

पण कंपनीच्या बैठकीत चूक माझ्या बायकोच्या नावावर पडली आणि काम दुसरीकडे न्यायची भाषा सुरू झाली. मी शिरवळ गाठलं. हिरवे कोंब माझ्याच खोलीत होते, त्यांना पुन्हा उष्णता देता येत होती. नवी लॅब शोधून तिला शिकवण्यात किती हंगाम जातील, ते मी त्यांनाच मोजायला लावलं. काम राहिलं, हक्कही राहिला. चूक कुणाची होती, ते मात्र एकानेही तोंडाने कबूल केलं नाही. कंपनीचे साहेब म्हणाले, सोडून द्या. मी सोडलेलं नाही.

आता बायको प्रत्येक कोंब दोन बाटल्यांत लावते. परवा एकाचा अँटिबायोटिकवरचा भाग पांढरा पडला, साध्या बाटलीतला हिरवा आहे. मॅडमचा फोन वाजत होता. बायकोने माझ्याकडे बघितलं.

“वाजू दे,” मी म्हणालो. “माफी मागायची असंल, तर हितं येऊन तुझ्याम्होरं मागतील.”