शेवेचं पाकीट आणि आत्यांचा हात

मैत्रिणींनो, आज शिरूरच्या सुपरमार्केटमध्ये माझी चांगलीच जिरली. पण राग नाही, कौतुकच वाटतंय.

सोबत निमोण्याहून आलेल्या सासूबाई होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांनी आयुष्यभर आठवडे बाजारात भाजी विकली. मी नेहमीचं शेवेचं पाकीट त्यांच्याकडे दिलं. तळहातावर घेऊन त्यांनी ते दोनदा वर-खाली केलं.

"हे पाव किलो न्हाई."

"आत्या, नेहमीचंच आहे. किंमतपण तीच."

"किंमत तीच असंल. तू वजन बघितलं व्हय? उलटं कर की जरा."

उलटं केलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, दोनशे दहा ग्रॅम! मग आत्यांनी बिस्किटं आणि साबणही तसाच हातात धरून बघितला. दोन्ही कमी भरतील म्हणाल्या, आणि दोन्ही कमीच निघाली. ज्यांना अक्षर वाचता येत नाही, त्यांनी माझी सगळी ट्रॉली वाचून काढली. शेव परत ठेवली आणि बेसन घेतलं. "घरीच पाडू."

एवढ्या महागाईत किराण्याचं बिल वाढू दिलं नाही, असं मी इथेच मिरवलं होतं ना? बिल खरंच तेवढंच होतं. पण शेवेचा डबा महिना संपायच्या आधीच रिकामा व्हायचा, आणि मी पोरांवर ओरडायचे, "किती खाता रे!"

पोरं पहिल्याएवढंच खात होती.

तुमच्याकडेही डबा लवकर संपतोय का? मग पोरांना बोलायच्या आधी पाकीट उलटं करून बघा.